दाखवलं माघात, नांदवलं आषाढात

माझे व्याही रंगराव यांनी मला फसवलं. मानपानात नाही, देण्याघेण्यात नाही, मुलाच्या वयात की शिक्षणात नाही. हवामानात फसवलं. त्यांनी घर दाखवलं माघात आणि माझी लेक तिथं नांदतेय आषाढात. ही दोन्ही घरं एकच, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

मी काही भोळा माणूस नाही. दुसऱ्याच्या बेदाण्याच्या शेडवर जाळ्या बांधत मोठा झालो, आज शेड माझ्या आहेत. द्राक्षाचा घड घेताना तो उलटा करून आतले मणी बघतो. बैल घेताना आधी दात बघतो, मग चाल बघतो, मग मालकाची नजर बघतो. जमीन घेताना हातभर खणायला लावतो. कवठेमहांकाळच्या बाजारात मला भाव सांगायच्या आधी माणसं घोटभर पाणी पितात. असा मी पोरीचं घर बघायला गेलो आणि फसलो. आमच्या दुष्काळी पट्ट्यातल्या ज्या बापांच्या पोरी अजून लग्नाच्या आहेत आणि ज्यांनी साताऱ्याच्या वरचा मेढ्याचा मुलूख पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

माघात काय दिसलं ते आधी सांगतो. मेढ्याच्या पुढं, केळघरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी कौलारू घर. अंगणात कोवळं ऊन. खालच्या वावरात स्ट्रॉबेरी लालेलाल. हवा अशी की पोत्यात भरून घरी न्यावी. घरामागं झरा वाहत होता. मी त्यात हात घालून विचारलं, "पाणी किती म्हयने?"

"बारा म्हयने," रंगराव म्हणाले.

झालं. ज्याचं बालपण टँकरच्या मागं घागर घेऊन पळण्यात गेलं, त्यानं यापुढं काय विचारायचं? पाणी कमी पडतं का, हे मी विचारलं. जास्त पडतं का, हे विचारायचं आमच्याकडं कुणाच्या बापाला सुचलं असतं?

ही सोयरीक जमवली उंब्रजच्या सर्जेराव तात्यांनी. ते दोन्हीकडचे लांबचे पाहुणे. माझ्याशेजारी उभं राहून त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अण्णा, हवा एक नंबर हाय बघा. पोरगी लालबुंद हुईल." मुलगा मिलिटरीत, घर खाऊनपिऊन सुखी, वर झरा. वैशाखात लग्न झालं, तेही उंब्रजच्या कार्यालयात, दोन्हीकडच्या वऱ्हाडाला अर्ध्या वाटेवर पडतं म्हणून. मग जावईबापूंची सुट्टी संपली आणि ते राजस्थानात वाळू खायला गेले. माझी स्वाती सासूसासऱ्यांपाशी डोंगरात राहिली.

घरून निघताना

आमच्याकडं आषाढ म्हणजे नुसता वारा. बेदाण्याचा हंगाम सरलेला, शेडच्या जाळ्या गुंडाळून ठेवलेल्या, ज्वारीच्या रानाला पावसाची वाट. पश्चिमेकडून ढग येतात, आमच्या डोक्यावर सावली धरतात आणि कर्नाटकात निघून जातात. माणसं पारावर बसून त्यांना शिव्या देतात. काम कुणालाच नसतं, म्हणून नव्या नवरीनं पहिला आखाड माहेरी काढायचा ही आमची रीत. सगळ्या गावच्या पोरी येतात. वेशीतून गाडी आली की बायका दारात येऊन बघतात, कुणाची आली.

माझ्या बायकोनं चार दिवस आधीपासूनच गूळ भिजवून कापण्या तळल्या. खुसखुशीत, खसखस लावलेल्या. त्यांचा डबा भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आवं, लेकीला घेतल्याबिगर गाडी दारात आणू नगा."

"मी कवा रिकामा आलोय का कुठनं?" मी म्हणालो. पांढरा शर्ट, नव्या कोल्हापुरी चपला, गाडीची काच पुसलेली. निघालो.

उंब्रज, जाताना

सांगली सोडली तेव्हा आभाळ भरलेलं होतं. इस्लामपूरला उसाची पानं ओली दिसली, मला बरं वाटलं. कऱ्हाडच्या पुढं सर आली आणि मी वायपर सुरू केले. वायपरनी काचेवर दोन ओरखडे काढले आणि रबराचे तुकडे टाकून दिले. आमच्या उन्हात वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर ते, पापडासारखं वाळलेलं. पावसाशी त्याची ओळखच नव्हती.

डोकं बाहेर काढून गाडी हाकत उंब्रजला आलो. गॅरेजवाल्यानं वायपर हातात धरला, दोन बोटांत चुरला आणि विचारलं, "कुठलं गाव म्हणायचं?"

"कवठेमहांकाळ."

"तरीच. आवं, हे वायपर न्हाईत, ह्या दशम्या हायत. कुठं निघालाय?"

"मेढ्याला. लेकीला आणायला."

तो हसायचा थांबला. माझ्या पांढऱ्या शर्टाकडं बघितलं, चपलांकडं बघितलं. मग वायपर बसवता बसवता म्हणाला, "परत जाताना सांगा, चपला कशा ऱ्हायल्या त्या." मी त्याच्याशी भावावरून भांडलो, पण मन भांडणात नव्हतं. पहिल्यांदाच शंका आली की मला कुणी तरी काही तरी सांगितलेलं नाही.

मेढ्याच्या वर

साताऱ्यापर्यंत पाऊस पडत होता. मेढ्याच्या पुढं तो पडत नव्हता, तो तिथं राहायलाच होता. डोंगर गेले कुठं कळेना. माघात जिथं स्ट्रॉबेरी होती तिथं पाणी, जिथं वाट होती तिथं ओढा. भर दुपारी दिवे लावून मी गाडी वर चढवली आणि दोनदा रंगरावांच्या दारावरून पुढं गेलो, कारण घरच ओळखू आलं नाही.

घराला चारी बाजूंनी गवताची झड बांधलेली. भिंती पावसानं खचू नयेत म्हणून हे करतात. पण बाहेरून दिसतं कसं, तर गंजीला दार बसवल्यासारखं. आत अंधार. गॅस असूनही चूल पेटलेली, कारण चुलीवर दोऱ्या बांधून घरादाराचे कपडे वाळत घातलेले. सगळ्या घराला धुराचा वास आणि धुराला ओल्या सुताचा. मी टेकलो एवढ्यात दारातून ढग आत आला. धुकं नव्हे, ढग. कुणाला न विचारता आला, देवघरापर्यंत गेला आणि बसला. कुणी मान वर करून बघितलंही नाही.

"या, या पाव्हणं," रंगराव म्हणाले. "पाऊस जरा कमीच हाय आज."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. माणूस चेष्टा करत नव्हता.

मीठ बरणीत पाझरत होतं. काडेपेटी पेटेना म्हणून ती चुलीशेजारी भाजत ठेवलेली. मी दही मागितलं तर विहीणबाई म्हणाल्या, "आवं, ह्या गारठ्यात दही कुठलं लागतंय?" आमच्याकडं दूध झाकून वळेपर्यंत दही होतं. नाचणीची भाकरी आणि खेकड्याचा रस्सा मात्र असा होता की मी तिसऱ्यांदा वाढून घेतला. त्याबद्दल तक्रार नाही. पण खाताना अंगावर घोंगडं घ्यावं लागतं, आषाढात, ही तक्रार आहे.

मग मागच्या दारानं स्वाती आली. प्लॅस्टिकची खोळ डोक्यावरून पांघरलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. "अण्णा!" म्हणून पळत आली आणि चार पावलांवर थांबली, माझा शर्ट पांढरा होता म्हणून. मी तिचे पाय बघितले. बोटांच्या बेचक्यांतून चिखल्या झालेल्या, कातडी पांढरी पडून सुटलेली. माझ्या उंबऱ्यात या पोरीच्या टाचेला कधी साधी भेगसुद्धा पडली नव्हती. विहीणबाई तिला चुलीपाशी बसवून कोमट तेलात कालवलेली हळद लावू लागल्या, हात मऊ होता, ते मी पाहिलं. पण माझं डोकं तोवर तापलं होतं. त्या घरात तेवढीच एक वस्तू कोरडी आणि गरम होती.

"रंगराव," मी म्हणालो, "पोरगी उद्या माझ्याबरोबर येणार. आखाड हाय."

"लावण चालू हाय, पाव्हणं."

"आखाडात नवी नवरी सासरी ठेवत्यात व्हय कुठं?"

"तुमच्याकडं आखाडात माणसं पारावर बसत्यात," रंगराव शांतपणे म्हणाले. "आमच्याकडं आखाडात भात लावत्यात. आत्ता लावला न्हाई तर वरीसभर खायाचं काय? आमच्यात सुना म्हायेरी जात्यात त्या नागपंचमीला."

आता हे कुणी आधी सांगितलं होतं? रीत तीच, महिना तोच, पण त्यांच्या पावसानं आमची रीत उलटी करून टाकलेली. मी भावाला बसलो. मी म्हणालो उद्या. ते म्हणाले पंचमी. मी म्हणालो बरं, परवा. ते म्हणाले पंचमी. मी आवाज चढवला. त्यांनी चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाले पंचमी. उभ्या आयुष्यात असलं गिऱ्हाईक मी बघितलेलं नाही. ज्याला घाई नाही त्याच्याशी सौदा होत नाही, आणि त्या पावसात घाई कशाचीच कुणाला नव्हती.

रागारागात मी कापण्यांचा डबा उघडला. दुपारी खुसखुशीत होत्या. आता एक उचलली तर ती माझ्या बोटांवरून वाकली, ओल्या चामड्यासारखी. घरी चार दिवस राबलेली माझी बायको डोळ्यांपुढं आली. विहीणबाईंनी डबा चुलीच्या कडेला सरकवला.

खाचरात

सकाळी उठलो तर चपलांना बुरशी. एका रात्रीत. पांढरी, मऊ, मांजराच्या पाठीसारखी.

अनवाणी निघालो, छत्री घेऊन. वाऱ्यानं ती पहिल्या वळणालाच उलटी केली. खाली खाचरात बायका ओळीनं वाकून भाताचा तरवा लावत होत्या, एक एक पाऊल मागं सरत. सगळ्यांचे हात सारखे चालत होते, एकीचा सोडून. ती मागं पडली की तिच्यापुढची ओळ वाकडी व्हायची.

"ए टँकर!" एक म्हातारी ओरडली. "सरक की मागं! पाणी बघून थांबलीस व्हय?"

सगळ्या हसल्या. टँकर म्हणजे कोण ते मला कळायला क्षण लागला. माझी लेक! आमच्या गावात टँकर येतो हे कळल्यावर त्यांनी तिला ते नाव ठेवलं होतं. मी बांधावरून गर्जना करायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्वातीनं मान वर न करता उत्तर दिलं, "टँकर भरल्याला हाय, मावशे. तुझी कळशी आण, मग बोल."

म्हातारी खदाखदा हसली. मी मात्र हसलो नाही. लेकीचा हात धरून तिला वर काढायला मी बांधावरून उतरलो आणि दुसऱ्या पावलाला बसलो. बसलो म्हणजे कमरेपर्यंत. तो पांढरा शर्ट पुन्हा कधी पांढरा झाला नाही. बायकांनी तोंडाला पदर लावले. म्हातारी म्हणाली, "टँकरचा बा आला गं! आडवाच लागला की तरवा!"

स्वातीनंच मला ओढून बांधावर बसवलं. तिच्या हाताला जोर आला होता, हे त्या रागातही जाणवलं.

"चल," मी म्हणालो. "तुझी आई दारात हुबी ऱ्हाणार हाय. बाकीच्या पोरी आल्या."

"अण्णा, आत्ता न्हाई येत."

"सासऱ्याला भितीस व्हय?"

"मामंजींना कशाला भिऊ? पर आत्ता मी उठून गेले तर ह्या बायकांत जलमभर टँकरच ऱ्हाईन. वळ सरळ लावायला शिकले की नाव जाईल. सौदा अर्ध्यात टाकून उठला की माल कवाच आपला हुत न्हाई, हे कुणी शिकवलं मला?"

मी शिकवलं. माझंच नाणं माझ्या तोंडावर मारलं. पाऊस माझ्या कानात जात होता. पोरगी परत खाली उतरली, ओळीत वाकली, आणि मी बांधावर बसून माझ्या व्याह्यांना मनातल्या मनात जेवढं बोलता येईल तेवढं बोललो.

मनातलं दुपारी तोंडावर आलं. "तुमी मला फसवलंत, रंगराव. ऊन बघून बोलवलंत. ह्यातला एक ढग तरी माघात दाखवायचा हुता. आन वर आमचा पाऊस हितंच अडवून ठेवताय!"

"न्या की गाडीत भरून," रंगराव म्हणाले. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "आन तुमी वो? तुमी आमाला कवा बोलवलंत? माघातच की! बेदाणा वाळत हुता, वारं गार हुतं, मी म्हटलं काय सोन्यासारखा मुलूख हाय. मग मांडवपरतणीला सुनेला न्यायला वैशाखात आलो. तुमच्या अंगणात माझा घोळणा फुटला. नाकातनं रगात! मी काय बोललो? रुमाल लावला आन आमरस खाल्ला. व्याह्याच्या दारात हवेला नावं ठिऊ नयेत म्हनून."

मी आठवून बघितलं. रुमाल आठवला. मला वाटलं होतं, माणसाला सर्दी आहे.

"मला कुठं माहीत हुतं तुमाला असं हुईल," मी म्हणालो. "आमाला ते काय वाटतच न्हाई."

"आमालाबी हे काय वाटत न्हाई," रंगराव म्हणाले आणि दाराबाहेर हात केला.

 मग त्यांनीच विचारलं, "तुमच्याकडली हवा कशी, हे मी तात्यांना इचारलं हुतं. तुमी आमच्याकडली इचारली न्हाई व्हय?"

"इचारली की. म्हणाले, एक नंबर."

"मलाबी तेच म्हणाले. छातीवर हात ठिवून."

चुलीत ओलं लाकूड सूं सूं करत होतं. मी रंगरावांकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. दोन दिवसांत पहिल्यांदा आमचं एकमत झालं.

निघताना त्यांनी गाडीत तांदळाचं गाठोडं ठेवलं, डबा परत दिला आणि म्हणाले, "लावण हाय म्हनून मी येत न्हाई. पर तात्यांना सांगा, तो रुमाल मी धुतल्याला न्हाई."

उंब्रज, येताना

उंब्रजला काय हवा होती म्हणून सांगू! ऊन कोवळं, मधूनच एखादी भुरभुर, मातीला बसेल एवढीच. इथं राहणाऱ्याला ना घोंगडं लागतं ना रुमाल. तात्या ओट्यावर पाय सोडून चहा पीत बसलेले. माझा चिखलाचा शर्ट, अनवाणी पाय बघून म्हणाले, "हे काय वो अण्णा, कुस्ती खेळलाय का?"

"तात्या, मेढ्याला आखाडात कवा गेलाय?"

"आखाडात? छ्या! तिकडं आखाडात कोण जातंय मरायला?"

"आन आमच्याकडं वैशाखात?"

"वैशाखात तुमच्याकडं? जीव नको झालाय व्हय मला?"

"मग दोघांनाबी हवा एक नंबर म्हणून कसं सांगितलंत?"

तात्यांनी बशीतला चहा फुंकला. जराही न चाचरता म्हणाले, "मी गेलो तवा एक नंबरच हुती की."

मी तिथं काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला भजी मागवली.

घरी आलो. वेशीतून गाडी आत आली तशा बायका दारात आल्या, गाडीत वाकून बघू लागल्या आणि आत गेल्या. माझी बायको फाटकात उभी होती. तिनं शेजारची रिकामी जागा बघितली, मग मला बघितलं, मग डबा हातात घेतला. उघडला. त्यात कापण्या निम्म्याच होत्या, चुलीच्या धगीवर परत खुसखुशीत झालेल्या. निम्म्या लेकीनं ठेवून घेतल्या होत्या. बायकोनं एक तोंडात टाकली, धुराचा वास घेतला आणि पदर डोळ्याला लावून आत गेली. त्या दिवशी मला कुणी जेवायला वाढलं नाही. मीही मागितलं नाही.

सौदा म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. माल उन्हात दाखवून सावलीत देऊ नये, एवढा साधा नियम बेदाण्याच्या बाजारात आहे, आणि पोरीच्या बाबतीत नाही? तुळशीचं लग्न झालं की पाहुणे बघायला निघतात, आणि जग गोड असतं तेवढ्याच महिन्यांत घरं बघून येतात. ही रीत कुणी पाडली त्याला मी शोधू शकत नाही. पण ती चालवणारा माणूस उंब्रजला ओट्यावर बसलेला आहे आणि त्याचं नाव मला माहीत आहे.

म्हणून सर्जेराव तात्यांना सगळ्या पाहुण्यांदेखत माझं सांगणं आहे. पंचमीला माझ्या लेकीला आणायला मुराळी म्हणून माझा मुलगा जाणार नाही, मी जाणार नाही. तुम्ही जायचं. चार दिवस रंगरावांच्या घरी राहायचं, चपला तिथंच काढून ठेवायच्या आणि रोज सकाळी उठून बघायच्या. दही मागायचं. मग लेकीला घेऊन माझ्या दारात यायचं. आणि येत्या वैशाखात माझ्या पत्र्याच्या शेडखाली रंगरावांच्या मांडीला मांडी लावून दुपारचं जेवायचं. रुमाल ते देतील. एवढं झाल्यावर छातीवर हात ठेवा आणि आम्हा दोघा व्याह्यांपुढं सांगा, हवा कशी आहे.

गाडी मी पाठवतो. वायपर नवे आहेत. तात्या, कवा निघताय?